पाडून पाहावे, ओरखडा पडू नये

अनंतराव पांढरीपांड्यांना आयुष्यात कोणी काही निवडायला सांगितलं नव्हतं. शाळा वडिलांनी निवडली, नोकरी मामांनी आणि शोभाताईंना आईने. शर्टाचं कापड शोभाताई निवडत. भाजी तर भाजीवालीच निवडून त्यांच्या पिशवीत टाकत असे, आणि ती टाकेल ती ते मान खाली घालून घरी आणत. एकदाच, ऐन चाळिशीत, त्यांनी स्वतःच्या मनाने एक छत्री निवडली होती. तो विषय घरात अजून निघतो, म्हणून इथे नको.

अशा माणसाच्या हाती एके दिवशी एका तांड्याचा बंधारा आला. म्हणजे बंधारा आला नाही, बंधाऱ्यासाठी लागणारं यंत्र निवडण्याचं काम आलं. पण एकावाचून दुसरं होणार नव्हतं.

बुडालेल्या कापसाने आमच्या जिल्ह्याचं नाव देशभर केलं, ती ही वर्षं. पाहणी पथकं येत, गाड्या येत, कॅमेरे येत. यवतमाळच्या लॉजमध्ये खोली मिळत नसे. त्या धामधुमीत काही निवृत्त मंडळींनी मिळून एक जलमित्र मंडळ काढलं आणि दारव्हा तालुक्यातल्या तांड्यांवर लहान लहान सिमेंटचे बंधारे बांधायला घेतले. अध्यक्ष चारुदत्त खांदेवाले, म्हणजे चारुभाऊ. हे इंजिनिअर म्हणून निवृत्त झाले होते. त्यांनी बांधलेला एक पूल अजून उभा होता आणि घरी आलेल्या प्रत्येक पाहुण्याला तो दाखवायला ते घेऊन जात. अनंतराव कॉलेजच्या ग्रंथालयातून निवृत्त झाले होते. मंडळात त्यांचं काम म्हणजे बैठकीला येऊन भिंतीकडेच्या खुर्चीवर बसणं.

अशाच एका बैठकीत चारुभाऊंनी एक सरकारी पत्र वर धरलं. "हे कोणी पूर्ण वाचलं?"

अनंतरावांचा हात अर्धवट वर गेला. खोटं बोलणं त्यांना जमत नसे, आणि पत्र त्यांनी खरंच वाचलं होतं, मागच्या बाजूच्या शिक्क्यासकट.

"झालं तर मग," चारुभाऊ म्हणाले. "यंत्र अनंता निवडेल."

"मला यंत्रातलं काही कळत नाही, चारुभाऊ."

"आम्हाले तरी कुठं कळते? पण आम्ही वाचत पण नाही."

पत्रातला मजकूर असा होता : यापुढे कामाचा फोटो साध्या कॅमेऱ्याने काढलेला चालणार नाही. फोटोबरोबर जागेची नोंद करणारं, ऊन, धूळ, पाणी आणि पडझड सोसणारं, हातात मावणारं मजबूत यंत्र मंडळाने घ्यावं आणि चालू कामाचा, मजुरांसह, फोटो त्याच यंत्राने काढून पाठवावा. मगच पुढचं सिमेंट सुटेल. ही सक्ती उगाच आली नव्हती. आदल्या वर्षी एकाच बंधाऱ्याचे फोटो तीन गावांच्या नावाने मंजूर झाले होते, आणि तिन्ही फोटोंत एकच शेळी उभी आहे, हे लक्षात यायला कचेरीला वर्ष लागलं होतं.

इकडे फुलसिंग नाईकांच्या तांड्याखालचा बंधारा अर्ध्यावर थांबला होता. पाया भरून झाला होता, भिंत उठायची होती आणि सिमेंट संपलं होतं. मे महिना लागला होता. पावसाआधी भिंत उठली नाही, तर नाल्याचा लोंढा काठ कापून पाया उघडा पाडणार आणि तांड्याने उन्हाळाभर केलेली मेहनत वाहून नेणार, हे चारुभाऊंनी पुलाचं उदाहरण देऊन सर्वांना समजावलं होतं. अनंतरावांना त्या रात्री स्वप्नात तो नाला दिसला. त्यातून छत्री वाहत चालली होती.

अमरावतीच्या एका दुकानदाराने तीन यंत्रं नमुन्यादाखल पाठवली. एक काळं, कडांना जाड रबर लावलेलं. एक करड्या रंगाचं, नाजूक, नुसती काच आणि बोटाने सरकवायचं. तिसरं पिवळंधमक, मोठमोठ्या कळांचं, हातात घेतलं की वरवंट्याची आठवण व्हावी असं.

"इस्त्री आणली का?" शोभाताईंनी विचारलं.

अनंतराव यंत्रांबरोबर आलेले कागद वाचत होते. पहिल्या कागदावर होतं : यंत्राच्या मजबुतीची ग्राहकाने स्वतः तपासणी करून खात्री करून घ्यावी. दुसऱ्यावर होतं : नमुन्यास ओरखडा पडल्यास ते विकत घेतल्याचे समजले जाईल. अनंतरावांनी दोन्ही वाक्यं शेजारी शेजारी ठेवून बराच वेळ पाहिली. पाडून पाहावे, ओरखडा पडू नये. तत्त्वज्ञानाच्या कपाटातली पुस्तकं त्यांनी अनेक वर्षं झटकली होती, पण इतका कठीण प्रश्न त्यांना कुठे भेटला नव्हता.

आणि खरं सांगायचं तर त्या प्रश्नाने त्यांना चळ लागला. पुस्तिकेत लिहिलं होतं की हे यंत्र माणसाच्या छातीइतक्या उंचीवरून फरशीवर पडलं तरी चालतं. अनंतरावांनी छापलेल्या गोष्टींवर जन्मभर विश्वास ठेवला होता, पण एकही पडताळून पाहिली नव्हती. समुद्र पाहिला नव्हता, ध्रुवतारा नक्की कोणता याची खात्री नव्हती. आणि आता छापलेलं एक वाक्य हातात होतं, समोर फरशी होती, शोभाताई बाहेर गेल्या होत्या आणि घरात कोणी नव्हतं. त्यांनी पिवळं यंत्र छातीशी धरलं. डोळे मिटले. मग ते आतल्या खोलीत गेले आणि ते त्यांनी गादीवर पाडलं.

यंत्र शाबूत राहिलं. गादीवर पडून काही सिद्ध होत नाही, हे त्यांनाही कळत होतं. गादीवर ते स्वतःही रोज पडत.

संध्याकाळपर्यंत बातमी शेजारी गेली. विमलताई पदराला हात पुसत आल्या. "त्यात काय विचार करता एवढा? बाजारात मडकं घेताना आपण वाजवून घेतो की नाही?" असं म्हणून त्यांनी बोटाच्या पेराने तिन्ही यंत्रं वाजवली आणि तोंड वाकडं केलं. "तिन्ही बद्द वाजून राह्यले, भाऊजी. एकात तरी चीर आहे पाहा."

"ती भरीव असतात, वहिनी."

"भरीव मडक्याचा उपयोग काय मग?"

तेवढ्यात पुण्याहून मुलाचा, स्वानंदचा, फोन आला. त्याने धूळ आणि पाणी सोसण्याचं रेटिंग पाहायला सांगितलं.

"पाहिलं," अनंतराव म्हणाले. "सदुसष्ट आहे."

"मग उत्तम आहे की, बाबा."

"सदुसष्ट म्हणजे ठीकच रे. साठला फर्स्ट क्लास मिळतो हे खरं, पण डिस्टिंक्शन नाही."

स्वानंदने आईला फोन द्यायला सांगितलं.

पाडण्याची परीक्षा अशक्य, बुडवण्याची भीती. तेव्हा अनंतरावांनी उन्हापासून सुरुवात करायचं ठरवलं. उन्हाने ओरखडा पडत नाही, असं त्यांनी तर्काने काढलं. गच्चीवर शोभाताईंनी जुन्या लुगड्यावर कुरडया वाळत घातल्या होत्या. त्याच लुगड्याच्या एका कोपऱ्यावर त्यांनी तीन यंत्रं ओळीने मांडली.

"मांडा, पण मग राखण तुमची," शोभाताई म्हणाल्या. "आजकाल वांदरं फार येऊन राह्यले."

जिन्याच्या दाराच्या सावलीत अनंतराव हातात काठी घेऊन बसले. दुसऱ्या हातात पुस्तिका होती. पुस्तिका आणि काठी यांत कोण जिंकणार, हे शोभाताईंना ठाऊक असायला हवं होतं. अनंतराव वाचू लागले. कोणती कळ कुठे नेते, कोणत्या पानामागे कोणतं पान उघडतं, हे त्यांनी अनुक्रमणिकेपासून वाचायला घेतलं आणि त्यात ते इतके बुडाले की मान वर केली तेव्हा पाण्याच्या टाकीवर एक दांडगं वानर बसलेलं होतं आणि त्याच्या मांडीवर पिवळं यंत्र होतं.

"अहो," अनंतराव म्हणाले.

वानराने पाहिलं.

"अहो, ते ठेवा."

उभं आयुष्य त्यांनी ग्रंथालयात कोणाला मोठ्याने बोलू दिलं नव्हतं. आता स्वतःला ओरडायचं होतं, तर घशातून आवाजच येईना. वानराने यंत्र हुंगलं, एका कोपऱ्यावर दात लावून पाहिला, उलटं केलं, एक कळ दाबली. यंत्राने टुण् केलं. ही गोष्ट त्याला पसंत पडली नाही आणि त्याने हात लांब करून यंत्र सोडून दिलं.

पिवळं यंत्र दोन मजले खाली विमलताईंच्या टिनावर आदळलं, घरंगळत वळचणीला आलं आणि तिथून डुबुक करून त्यांच्या हौदात गेलं. विमलताईंनी आतून विचारलं, "कोण आहे?" अनंतराव चपला न घालता जिना उतरले. इकडे वानराचं बाकी कुटुंब कुरडयांवर उतरलं.

हौदात हात खांद्यापर्यंत घालून त्यांनी यंत्र वर काढलं तेव्हा त्याचा पडदा पेटलेला होता आणि त्यावर वेळ दाखवत होता. पुस्तकात छातीइतकी उंची लिहिली होती. हे दोन मजले होते. पुस्तक खरं होतं. पुस्तक खरं असून वर संकोची होतं. हौदाशी ओल्या बाहीने उभं राहून त्यांना जो आनंद झाला, तो नोकरीत कायम झाल्याचं कळलं तेव्हाही झाला नव्हता.

मग त्यांना यंत्राच्या पाठीवर बोटभर ओरखडा दिसला.

मग, घाईघाईने धोतराच्या सोग्याने ते पुसताना कुठल्या कळा दाबल्या गेल्या कोण जाणे, पडद्यावरची सगळी अक्षरं बदलली. इंग्रजी गेली आणि तिच्या जागी चौकोनी, आडव्या-उभ्या काड्यांची कुठलीशी पूर्वेकडची लिपी आली. भाषा बदलायची कळ कुठे आहे हे त्यांना पुस्तिकेमुळे माहीत होतं. पण तिच्या शेजारचीच कळ यंत्रातलं सगळं पुसून टाकते, हेही त्यांना पुस्तिकेमुळेच माहीत होतं. त्यामुळे त्यांनी दोन्हींना हात लावला नाही. जन्मभर वाचणारा माणूस, आणि हातातल्या वस्तूचं अक्षरही लागेना.

"यंत्र मिळालं?" शोभाताईंनी वरून विचारलं.

"मिळालं."

"कुरडया नाही मिळाल्या," त्या म्हणाल्या, आणि दोन दिवस एवढंच बोलल्या.

दुकानदाराच्या कागदाप्रमाणे पिवळं यंत्र आता मंडळाचं झालं होतं. म्हणजे निवड झाली होती, फक्त ती अनंतरावांनी केली नव्हती. चारुभाऊंना हे सांगण्याचा धीर त्यांना झाला नाही. 'प्रत्यक्ष कामावर तिन्ही पाहून सांगतो,' असा निरोप त्यांनी पाठवला आणि तिन्ही यंत्रं टॉवेलात गुंडाळून ते दारव्ह्याच्या एसटीत बसले.

दारव्ह्याहून पुढे जीप. जीपमध्ये शेजारच्या माणसाने टॉवेलातून डोकावणारं पिवळं टोक पाहिलं. तो कापसाचा दलाल होता. "कापसाची ओल मोजते काय हे?" त्याने विचारलं. अनंतराव नाही म्हणाले. "हो म्हटलं तरी मी कोणाले सांगत नाही," दलाल म्हणाला, आणि उतरेपर्यंत त्याने अंग चोरून घेतलं, जणू यंत्र त्याचीच ओल मोजणार होतं.

नाल्यावर सिमेंटवाचून भिंत थांबली असली तरी काठांना दगड लावायचं काम चालू होतं. निदान अनंतराव दिसेपर्यंत चालू होतं. ते उतारावर दिसताच फुलसिंग नाईकांनी हात वर केला. घमेली खाली ठेवली गेली. लिंबाखाली बाज आली, तिच्यावर गोधडी आली आणि चहाचं पातेलं चुलीवर चढलं.

"बसा साहेब."

"नाईक, मी बसतो, पण काम चालू राहू द्या. चालू कामाचाच फोटो लागतो."

"कामाचं काय, ते रोजचंच आहे," फुलसिंग म्हणाले. पांढरा फेटा, पांढऱ्या मिशा; शब्द मोजून बोलणारा माणूस. "पाहुना बाजेवर बसला अन् तांडा घमेले उचलत राह्यला, असं आमच्या बापजाद्यानं केलं नाही."

तोवर बायाबाप्ये न सांगता एका रांगेत बसले होते. मघाशी उतारावरून हसण्याचा आवाज आला होता. आता सगळे चेहरे पडलेले. रांगेच्या टोकाला मानीबाई होत्या, मुकादम भावसिंगची आई. हातभर बांगड्या, घागऱ्यावरच्या आरशांत ऊन.

"कसं बसू, साहेब?" त्यांनी विचारलं. "मागं पथक आलतं त्याइनं डोक्याले हात लावाले सांगतला. त्याच्या मागच्याइनं आभाळाकडे पाहाले सांगतलं. तुमचं कोनतं पथक?"

"आमचं पथक नाही, बाई."

"मग हात कुठी ठेवू?"

अनंतरावांना स्वतःचेच हात कुठे ठेवावेत कळेना. त्यांनी ते टॉवेलात घातले आणि यंत्रं बाहेर काढली.

परीक्षा फार वेळ चालली नाही. काळं यंत्र उन्हात धरल्यावर थोड्या वेळाने त्याने एक थर्मामीटरचं चित्र दाखवलं आणि डोळे मिटले. सावलीत नेऊन वारा घातला तरी उठेना. करडं यंत्र भावसिंगच्या हाती दिलं, कारण कामावर ते त्यालाच वापरायचं होतं. उन्हाळाभर सिमेंटमध्ये राबून त्याच्या बोटांवर सिमेंटचा दुसरा थर चढलेला. तो काचेवर बोट ठेवी, सरकवी, दाबी, काच ढिम्म.

"हे मशीन मले मोजतच नाही, साहेब," तो म्हणाला.

"थुका लाव," मानीबाई म्हणाल्या.

"याडी, नोट नाही ते," तो आईला म्हणाला.

राहिलं पिवळं. त्याच्या कळा अंगठ्याएवढ्या होत्या आणि कोणाच्याही बोटाला ओ देत होत्या. अक्षरं मात्र त्या काड्यांची. आणि इथे अनंतरावांच्या बाबतीत एक अघटित घडलं. त्यांना सगळं येत होतं. गच्चीवर कुरडयांच्या किमतीवर वाचलेली ती अनुक्रमणिका त्यांना तोंडपाठ होती. खाली, खाली, उजवीकडे, मधली : कॅमेरा. पुन्हा मधली : फोटो. डावीकडे दोनदा : जागेची नोंद. भावसिंगने एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा त्या काड्यांकडे. "साहेब, ही भाषा येते तुमाले?"

"वाचता येत नाही," अनंतराव खरं तेच म्हणाले.

भावसिंगला तो विनय वाटला.

पण फोटो कशाचा काढायचा? समोर पडलेल्या चेहऱ्यांची रांग आणि मागे ओस पडलेला बंधारा. पाहुणा असेपर्यंत काम सुरू होणार नाही, आणि पाहुणा गेला तर त्या काड्यांतून वाट काढून फोटो कोण काढणार? अनंतरावांनी चहा पिताना यावर विचार केला आणि त्यांना एक युक्ती सुचली. त्यांना युक्ती सुचण्याचे प्रसंग कमीच, त्यामुळे ती चांगली आहे की नाही हे ओळखण्याचा सराव त्यांना नव्हता.

त्यांनी सगळ्यांना राम राम केला, निघालो म्हणून सांगितलं, वळसा घेऊन नाला ओलांडला आणि पलीकडच्या काठावर एका पळसाच्या झुडपामागे जाऊन उकिडवे बसले. थोड्या वेळाने घमेली उचलल्याचा आवाज आला. कोणी तरी हसलं. अनंतरावांनी पानांतून यंत्र पुढे काढलं. खाली, खाली, उजवीकडे, मधली.

त्याच क्षणी मानीबाईंची नजर त्या झुडपाकडे गेली. म्हातारे साहेब निरोप घेऊन गेले आणि आता झुडपामागे बसले आहेत, याचा अर्थ कोणत्याही शहाण्या बाईला लावता येईल तोच त्यांनी लावला. त्या गोरबोलीत, तांड्याच्या भाषेत, हलकेच काहीतरी म्हणाल्या. एका झटक्यात सगळ्या बायांनी बंधाऱ्याकडे तोंडं केली, आणि मग बाप्यांनीही. फोटो निघाला तो असा : बंधारा ठीक, घमेली ठीक, सगळी माणसं पाठमोरी.

यवतमाळच्या कचेरीत हा फोटो तीन टेबलांवर फिरला. पाठींबद्दल कोणी बोललं नाही. चौथ्या टेबलावरच्या बाबूंनी मात्र चष्मा वर केला.

"हा फोटो तुमच्या तालुक्यातला नाही."

"बंधारा तोच आहे," अनंतराव म्हणाले.

"बंधारा असेल. फोटो शेजारच्या तालुक्यात काढला आहे. मशीन म्हणून राह्यली तसं, मी नाही."

नाला ही दोन तालुक्यांची शीव होती. पळसाचं झुडूप शिवेपलीकडे होतं.

"पण तिथून हाच बंधारा दिसतो."

"मशीन काय पाहते ते आम्ही धरत नाही, अनंतराव. ती कुठं बसली आहे ते धरतो."

कचेरीकडे एकवार नजर टाकल्यावर अनंतरावांना वाटलं की हा नियम यंत्रापुरताच नसावा. जिना उतरताना त्यांना चारुभाऊ भेटले.

"पश्चिमेकडे आभाळ भरून येऊन राह्यलं, अनंता. परवापर्यंत फोटो गेला नाही तर सिमेंट पुढच्या सालावर. पिवळंच घेतलं ना शेवटी? पिवळंच काहून?"

अनंतरावांच्या डोळ्यांपुढे टाकी आली, टाकीवरची ती आकृती आली. "ते... दोन मजल्यांवरून पाडून पाहिलं," ते म्हणाले.

चारुभाऊ पायरीवरच थांबले. "तू पाडलंस?"

अनंतराव उत्तर द्यायला तोंड उघडेपर्यंत चारुभाऊ त्यांच्या पाठीवर थाप मारून पुढे गेले होते.

दुसऱ्या दिवशी अनंतराव पुन्हा नाल्यावर हजर. पुन्हा हात वर झाला, घमेली खाली गेली, बाज आली, गोधडी आली.

"पोट बरं हाये ना आता?" मानीबाईंनी मायेने विचारलं.

अनंतरावांच्या कानाच्या पाळ्या तापल्या. झुडपामागे आपण काय करत होतो हे सांगावं, तर लपून फोटो काढत होतो हे सांगावं लागणार. दोन्हींत कमी लाजिरवाणं कोणतं, ते त्यांना ठरवता येईना. "बरं आहे," ते म्हणाले.

मग ते बाजेकडे पाहत उभे राहिले. पाहुणा बाजेवर बसला की काम थांबतं. असं फुलसिंग म्हणाले होते. शब्द मोजून बोलणारा माणूस. पाहुणा आला की, असं नव्हते म्हणाले. बसला की, असं म्हणाले होते. अनंतरावांनी वाक्य वाचावं तसं ते पुन्हा एकदा मनात वाचलं.

"बसा, साहेब."

"नाही बसत," अनंतराव म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदाच ते कोणाला एवढ्या ठामपणे नाही म्हणाले असतील. त्यांनी चपला काढल्या. धोतर वर खोचलं. पिवळं यंत्र मानीबाईंच्या हाती दिलं. "ही मधली कळ. मी रांगेत उभा राहिलो की दाबा." आणि ते जाऊन दगडांच्या ढिगाशी वाकले, घमेलं भरलं आणि उचललं.

म्हणजे उचलायला गेले. घमेलं उचललं गेलं नाही.

फुलसिंग नाईक मिशीवरून हात फिरवत होते. पाहुणा बाज नाकारतो, हा अपमान समजावा की काय, हे त्यांनाही उमगत नसावं. मग भावसिंग पुढे आला, त्याने घमेल्यातले बहुतेक दगड काढून घेतले आणि दोनच ठेवले. अनंतरावांनी ते पोटाशी धरून उचललं.

"पाहुना नाही हा," फुलसिंग शेवटी म्हणाले. "पाहुन्याले घमेलं कोन देते? चला, लागा."

रांग लागली. अनंतराव मध्ये, डावीकडे भावसिंग, उजवीकडे एक थोराड बाई. घमेलं डावीकडून यायचं आणि उजवीकडे जायचं, एवढंच होतं. पण अनंतराव प्रत्येक घमेलं घेताना "हं, द्या" आणि देताना "घ्या बरं का" म्हणत, आणि प्रत्येकाला वाकून धन्यवाद देत. उन्हाळाभर त्या नाल्यात घमेल्याबद्दल कोणी कोणाला धन्यवाद दिले नव्हते. आधी ती थोराड बाई फिसकन हसली. मग भावसिंग. मग अनंतरावांच्या धोतराचा सोगा सुटला आणि तो आवरायला त्यांनी घमेल्याचा एक हात सोडला. दगड पाण्याच्या डबक्यात गेले, त्यांच्या मागोमाग अनंतराव गुडघाभर गेले, आणि तांड्याची सगळी रांग, नाईकांसकट, पोट धरून हसू लागली. अनंतरावांना वाटलं, आता आपल्याला फार वाईट वाटेल. त्यांनी थोडी वाट पाहिली. वाटलं नाही.

नेमकं तेव्हाच मानीबाईंनी मधली कळ दाबली. मग यंत्र आपल्यावर रागावू नये म्हणून आणखी दोनदा दाबली, आणि तिसऱ्या वेळी ते त्यांच्या हातातून दगडावर पडलं. सगळ्या माना तिकडे वळल्या.

"त्याला काही होत नाही," चिखलातून अनंतराव म्हणाले. "दोन मजल्यांवरून पडलेलं आहे ते."

फोटो मंजूर झाला. जागा बरोबर, तालुका बरोबर, काम चालू. चार दिवसांनी सिमेंटची गाडी तांड्यावर पोचली आणि पाऊस उतरला तेव्हा भिंत उभी होती. पिवळं यंत्र भावसिंगकडे असतं. अक्षरं त्याच काड्यांची आहेत. ती भाषा बदलायचा धीर अजून कोणाला झालेला नाही.

फक्त कचेरीचं एक पत्र मागाहून आलं. त्या वर्षांत या जिल्ह्यातून जे फोटो वरच्या कचेऱ्यांत जात, त्यांत कोणी हसत नसे. तेव्हा हे कुणाच्या तरी नजरेत सलणं भागच होतं. पत्रात होतं : 'सोबतच्या छायाचित्रातील लाभार्थी मोठ्या प्रमाणावर हसत असल्याचे दिसून येते. याबाबत खुलासा करावा.'

अनंतरावांनी पत्र तीन वेळा वाचलं, मागच्या शिक्क्यासकट. शोभाताईंनी पुन्हा नव्याने केलेल्या कुरडया तळून पुढ्यात ठेवल्या होत्या, तरी त्यांचं लक्ष नव्हतं. मग कोणालाही न विचारता, आणि कच्चा मसुदा न करता, त्यांनी एका ओळीचा खुलासा लिहिला आणि स्वतः जाऊन पेटीत टाकला.

'हसण्याचे कारण खाली सही करणारा आहे.'